चढ-उताराचे टेक शेअर वर्षानुवर्षं सांभाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तंत्रज्ञान कंपन्यांचे शेअर दीर्घकाळासाठी घेतले, पण एखाद्या तिमाहीत भाव निम्म्यावर आला तर काय करायचं, याभोवती तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. रोज खरेदी-विक्री करणाऱ्यांना या पानाचा उपयोग नाही. कोणता शेअर घ्यावा हेही इथे सापडणार नाही. कंपन्यांची नावं आली आहेत ती घडून गेलेल्या गोष्टी सांगण्यापुरती.

भाव फार खाली-वर होतो म्हणजे शेअर धोक्याचा, असंच ना?

अर्धं खरं. भाव हलणं वेगळं आणि पैसे कायमचे बुडणं वेगळं. फेसबुक चालवणाऱ्या मेटाचा शेअर २०२२ या एका वर्षात ६४ टक्के पडला आणि २०२३ मध्ये जवळजवळ तिप्पट झाला. दोन्ही वर्षं ज्याने काहीच केलं नाही, तो जिथे होता त्याच्या जरा वरच राहिला.

पण हा फरक कागदावर जितका स्पष्ट दिसतो तितका प्रत्यक्षात राहत नाही. घसरण चालू असतानाच नोकरी गेली, घरात मोठं आजारपण निघालं आणि शेअर विकावे लागले, तर तात्पुरता तोटा त्या दिवशी कायमचा होतो. बाजारातली मंदी आणि नोकरकपात बऱ्याचदा जोडीनेच येतात, हे विसरू नका. त्यामुळे चढ-उतार तुम्हाला कितपत धोक्याचा, हे तुमच्या गाठीला दुसरा पैसा किती आहे यावर ठरतं. पुढच्या पाच-सात वर्षांत लागणारी रक्कम या शेअरांत असू नये. या एका बाबतीत मी हट्टी आहे.

५० टक्के पडलेला शेअर ५० टक्के वाढला की बरोबरी होते ना?

होत नाही. १०० चे ५० झाले, त्यात ५० टक्के वाढ झाली की होतात ७५. निम्म्यावर आलेल्या शेअरला जुन्या भावाला पोचायला दुप्पट व्हावं लागतं. ८० टक्के पडलेल्याला पाचपट, ९० टक्के पडलेल्याला दहापट. म्हणून ‘आता ८० टक्के पडलाय, अजून किती पडणार?’ हा प्रश्न फसवा आहे. ८० टक्के पडलेला शेअर ९० टक्के पडलेला होईपर्यंत आणखी एकदा निम्मा होतो. आज घेणाऱ्याचे निम्मे पैसे त्या उरलेल्या ‘फक्त दहा टक्क्यांत’ जातात.

चांगली कंपनी निवडावी, घेऊन विसरून जावं, असं सगळे सांगतात. ते चूक आहे का?

असं सांगणाऱ्याच्या तोंडी हटकून ॲमेझॉनचं उदाहरण असतं. डिसेंबर १९९९ मध्ये १०० डॉलरच्या वर असलेला हा शेअर सप्टेंबर २००१ मध्ये ६ डॉलरच्याही खाली आला. ९० टक्क्यांहून मोठी घसरण. जुना भाव पुन्हा दिसायला २००९ उजाडलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. गोष्ट खरी आहे, पण ती शेवट ठाऊक असताना सांगितली जाते. २००१ मध्ये ही कंपनी टिकेल का यावरच वाद चालू होता. ती टिकली त्याला धंद्यातली कारणं होतीच, विक्री दरवर्षी वाढत होती. पण निव्वळ वेळेचा योगही होता. फेब्रुवारी २००० मध्ये, बाजार कोसळायच्या अगदी तोंडावर, कंपनीने युरोपात परिवर्तनीय रोखे (पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज) विकून ६९ कोटी युरो उभे केले होते. तीच उभारणी वर्षभर लांबली असती तर एवढे पैसे त्याच अटींवर मिळाले असते, असं मानायला माझं मन तयार नाही.

त्याच बाजारात पेट्स डॉट कॉमही होती. फेब्रुवारी २००० मध्ये तिचे शेअर बाजारात आले आणि नोव्हेंबरमध्ये कंपनी बंद झाली. दूरसंचार उपकरणं बनवणारी कॅनडाची नॉर्टेल होती. ती २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. सन मायक्रोसिस्टिम्स होती. एके काळी बाजाराची लाडकी असलेली ही कंपनी २०१० मध्ये ओरॅकलच्या पोटात गेली. हे शेअर घेऊन विसरून गेलेली माणसंही होती. त्यांना कुणी मुलाखतीला बोलावत नाही.

आणि मला सर्वांत बोलकं वाटतं ते सिस्कोचं उदाहरण, कारण ती बुडालीच नाही. मार्च २००० मध्ये ती काही काळ जगातली सर्वाधिक बाजारमूल्याची कंपनी होती. इंटरनेट वाढणार आणि त्यासाठी सिस्कोची उपकरणं लागणार, हा अंदाज शंभर टक्के बरोबर निघाला. २००० च्या आर्थिक वर्षात कंपनीची विक्री सुमारे १९ अब्ज डॉलर होती, ती २०१९ पर्यंत ५० अब्जांच्या पुढे गेली. तरीही २००० मधला तो भाव दोन दशकांहून जास्त काळ परत आला नाही. ज्यांनी तेव्हा शेअर घेतले त्यांचा धंद्याचा अंदाज अचूक होता, मोजलेली किंमत मात्र अवाच्या सवा होती.

तेव्हा घ्या, ठेवा, पण विसरू नका. वर्षातून एकदा वार्षिक अहवाल उघडून बसायला वेळ नसेल तर सुटा शेअर घ्यायच्या भानगडीत पडू नये.

दीर्घकाळ म्हणजे नेमकी किती वर्षं धरायची?

लोक साधारण पाच म्हणतात. इतिहास जास्त कठोर आहे. नॅसडॅक कंपोझिट हा टेक कंपन्यांचा भरणा असलेला अमेरिकी निर्देशांक १० मार्च २००० रोजी ५,०४८ वर बंद झाला. ऑक्टोबर २००२ मध्ये तो १,११४ वर होता, म्हणजे ७८ टक्के खाली. जुनी पातळी ओलांडली एप्रिल २०१५ मध्ये. पंधरा वर्षं! आणि हा एक शेअर नव्हे, हजारो कंपन्यांचा निर्देशांक.

मायक्रोसॉफ्टचंही तसंच. डिसेंबर १९९९ चा उच्चांक मोडायला ऑक्टोबर २०१६ उजाडला. मधल्या काळात कंपनीची वार्षिक विक्री २३ अब्ज डॉलरवरून ८५ अब्जांच्या पुढे गेली होती. धंदा साडेतीनपटीहून मोठा झाला आणि भाव तिथेच. मिळालेले लाभांश धरले तर चित्र थोडं बरं दिसतं, इतकंच.

हे आकडे घाबरवायला दिलेले नाहीत. सगळी रक्कम नेमकी शिखरावर गुंतवणाऱ्याचा हा हिशेब आहे. जो २००० पासून २०१५ पर्यंत दरमहा थोडं थोडं घालत राहिला, त्याला मधली स्वस्ताईची वर्षंही मिळाली आणि त्याचा हिशेब कितीतरी आधी नफ्यात आला. पण एकरकमी पैसे घालायचे असतील आणि बाजार जोरात असेल, तर मनात पाच नव्हे, दहा-पंधरा वर्षं धरलेली बरी.

शेअर निम्म्यावर आलाय. विकू का ठेवू?

आधी बघा, कोण पडलंय. सगळा बाजार पडला असेल तर तुमच्या कंपनीबद्दल त्यातून फारसं काही कळत नाही. त्याच क्षेत्रातल्या सगळ्या कंपन्या पडल्या असतील तर व्याजदर, सरकारी निर्बंध, मागणीतली घट असं काहीतरी सामाईक कारण असतं. एकटी तुमचीच कंपनी पडली असेल तर कान टवकारा.

मग शेअर घेताना काय गृहीत धरलं होतं ते आठवा. लिहून ठेवलेलं असेल तर उत्तम. दोन-तीन वाक्यं पुरतात: ही कंपनी पैसे कशातून कमावते, पुढे का वाढेल, आणि काय घडलं तर मी चुकलो असं मानेन. शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं आणि तेच लोक लिहीत नाहीत.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटा आपल्या शिखरापासून सुमारे तीन चतुर्थांश पडलेली होती. त्या वर्षी तिचा नफा घटला होता, तरी तो २३ अब्ज डॉलर होता. जाहिरातींचा धंदा चालू होता. राग होता तो आभासी जगाच्या प्रकल्पावर होणाऱ्या खर्चाबद्दल, आणि खर्च ही व्यवस्थापनाच्या हातातली गोष्ट. तो आवरता येतो. झूमचं वेगळं. ऑक्टोबर २०२० मधल्या शिखरावरून तो शेअर पुढच्या दोन-अडीच वर्षांत ८५ टक्क्यांहून जास्त पडला. कंपनी तोट्यात बुडत होती म्हणून नव्हे. एका वर्षी ५५ टक्क्यांनी वाढलेली विक्री पुढच्या वर्षी जेमतेम ७ टक्क्यांनी वाढली आणि भावात तर कायमची घोडदौड गृहीत धरलेली होती. अशी मोडलेली अपेक्षा पुन्हा बांधायला फार वर्षं लागतात.

इथवर सगळं सोपं वाटतं. पण ब्लॅकबेरीचं उदाहरण या सगळ्या सल्ल्याला सुरुंग लावतं. तो शेअर शिखरावर होता जून २००८ मध्ये, आयफोन येऊन वर्ष झालं होतं तेव्हा. नंतरची तीन वर्षं कंपनीची विक्री वाढतच राहिली, ६ अब्ज डॉलरवरून जवळपास २० अब्जांपर्यंत. ‘भाव पडलाय पण धंदा मजबूत आहे’ म्हणणाऱ्याच्या हातात ताळेबंदाचा पुरावा होता. बाजाराला मात्र दिसत होतं की फोन म्हणजे काय याची व्याख्याच बदलली आहे. आकडे मागचं सांगतात. त्यामुळे ताळेबंदाबरोबर एक साधी गोष्टही बघा: नवा ग्राहक आज कुणाकडे जातोय? त्याचं उत्तर आवडलं नाही तर वाढती विक्री दाखवून स्वतःची समजूत घालू नका.

आणि ‘माझ्या खरेदीच्या भावाला आला की विकतो’ म्हणत देव पाण्यात घालून बसणं हा निर्णय नाही. तुम्ही कितीला घेतला हे त्या कंपनीला माहीतही नसतं.

पडत्या भावात आणखी घेऊन ॲव्हरेज करावं का?

निर्देशांकाच्या फंडात (इंडेक्स फंड) बेलाशक करा. सुट्या शेअरमध्ये हात राखून. १०० ला घेतला, ५० ला तेवढ्याच रकमेचा घेतला, २५ ला पुन्हा तेवढ्याच रकमेचा. सरासरी भाव ४३ च्या आसपास आला, छान वाटतं. पण एका पडत्या कंपनीत आता ठरवल्याच्या तिप्पट रक्कम अडकली आहे. ॲव्हरेज करण्याने भाव सुधारतो तसा धोकाही साचतो.

माझा निकष असा: हा शेअर आपल्याकडे मुळीच नसता, तर आज या भावाला, या माहितीवर घेतला असता का? मनापासून ‘हो’ असेल आणि एकूण रक्कम आधी आखलेल्या मर्यादेत राहत असेल, तरच घ्यावा. नुसता सरासरी भाव खाली आणायचा म्हणून घेऊ नये.

एका शेअरमध्ये किती पैसे घालावेत?

या पानावरचा एकच प्रश्न वाचणार असाल तर हा वाचा. किती काळ ठेवायचं यावर लोक तावातावाने बोलतात. किती रकमेचं ठेवायचं, यावर फारसं कुणी बोलत नाही. वास्तविक ज्याला दुसरं जमलं, त्यालाच पहिलं जमतं.

समजा, एकूण गुंतवणुकीच्या ५ टक्के रक्कम एका शेअरमध्ये आहे आणि तो ८० टक्के पडला. एकूण नुकसान ४ टक्के. वाईट वाटेल, पण झोप लागेल, आणि झोप लागते म्हणून डोकं ठिकाणावर ठेवून कंपनीचा अहवाल वाचता येईल. तीच रक्कम ४० टक्के असती तर एकूण नुकसान ३२ टक्के. त्या अवस्थेत माणूस अहवाल वाचत नाही, बातम्या वाचतो. आणि बहुधा तळाशी विकतो.

आता दुसरी बाजू बघा. तोच ५ टक्क्यांचा शेअर दहापट झाला आणि बाकी सगळं जागच्या जागी राहिलं, तर त्याचा वाटा आपोआप ३४ टक्के होतो. म्हणजे छोट्या सुरुवातीने मोठा फायदा हुकत नाही. तोट्याला मर्यादा आहे, फायद्याला नाही. हे असमान गणित छोट्या गुंतवणूकदाराच्या बाजूचं आहे आणि ते वाया घालवायचं नसेल तर सुरुवात लहान हवी.

नेमका आकडा? ज्याला त्याला आपला ठरवावा लागतो. एका टेक शेअरमध्ये सुरुवातीला ३ ते ५ टक्के आणि सगळे सुटे टेक शेअर मिळून २०-२५ टक्के, हा मला झेपण्याजोगा वाटतो. आकडा ठरवायची कसोटी अशी: ही रक्कम उद्या पाचव्या हिश्शावर आली तर घरात सांगता येईल का? जीभ अडखळत असेल तर रक्कम जास्त आहे.

आणि तो खरंच वाढून निम्मा पोर्टफोलिओ एकाच शेअरचा झाला तर?

गोड संकट आहे, पण संकटच. विजेते कापू नयेत म्हणतात ते बऱ्याच अंशी बरोबर आहे. मोठा परतावा मूठभर शेअरांतूनच येतो आणि ते दुप्पट होताच विकणाऱ्याला तो कधीच मिळत नाही. पण एन्व्हिडियासारखा विजेताही २०१८ च्या शेवटच्या तिमाहीत निम्म्याहून जास्त आणि नोव्हेंबर २०२१ ते ऑक्टोबर २०२२ मध्ये सुमारे दोन तृतीयांश पडला होता. २७ जानेवारी २०२५ या एकाच दिवशी तो १७ टक्के पडला आणि त्याचं बाजारमूल्य सुमारे ५९० अब्ज डॉलरने घटलं.

मधला मार्ग म्हणजे एक वरची मर्यादा ठरवायची, समजा २०-२५ टक्के, आणि ती ओलांडली की जास्तीचा भाग दोन-तीन हप्त्यांत विकायचा. कर लागेल. तो भरावा. कर वाचवण्यासाठी न विकलेला शेअर पडला की कराहून मोठी रक्कम जाते.

व्याजदर वाढले की टेक शेअरच का जास्त पडतात?

कारण त्यांच्या किमतीचा मोठा भाग दूरच्या नफ्यावर उभा असतो. १० वर्षांनी मिळणाऱ्या १०० ची आजची किंमत २ टक्के दराने ८२ होते, ५ टक्के दराने ६१. वीस वर्षांनी मिळणार असतील तर ६७ आणि ३८. कमाई जितकी लांब, तितका व्याजदराचा फटका मोठा. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, फेडरल रिझर्व्हने, मार्च २०२२ पासून दर शून्याच्या जवळून उचलले आणि डिसेंबरपर्यंत ४.२५ ते ४.५० टक्क्यांवर नेले. त्या वर्षी नॅसडॅक कंपोझिट ३३ टक्के पडला. आजच भरपूर रोकड कमावणाऱ्या कंपन्या त्यातून लवकर सावरल्या. ‘नफा पुढे कधीतरी’वाल्या कित्येक अजून तिथेच आहेत.

निकाल चांगले लागले, तरी दुसऱ्या दिवशी शेअर आपटला. असं का?

भावात आधीच धरलेली अपेक्षा निकालापेक्षा मोठी होती, म्हणून. शिवाय बाजार गेल्या तिमाहीपेक्षा पुढच्या तिमाहीचा अंदाज जास्त ऐकतो. २९ सप्टेंबर २००० रोजी ॲपलचा शेअर एका दिवसात निम्म्याहून खाली आला तो याच कारणाने, कंपनीने कमाई अपेक्षेपेक्षा कमी राहील असं आदल्या दिवशी सांगितलं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये चिप बनवायची यंत्रं करणाऱ्या एएसएमएलचे निकाल चुकून एक दिवस आधीच प्रसिद्ध झाले, त्यात पुढच्या वर्षाचा अंदाज घटवलेला होता, आणि शेअर त्याच दिवशी १६ टक्के पडला. दीर्घकाळच्या गुंतवणूकदाराने निकालाच्या दिवशी काही करू नये. अहवाल आठवड्याने वाचला तरी चालतो.

कंपनी अजून तोट्यात आहे. तिचं काय बघायचं?

तीन गोष्टी. हातातली रोकड सध्याच्या खर्चाने किती काळ पुरेल. दोन वर्षांपेक्षा कमी असेल तर नव्या भांडवलासाठी शेअर काढले जातील आणि तुमचा वाटा पातळ होईल, बहुधा भाव पडलेला असतानाच. दुसरं, विकलेल्या प्रत्येक वस्तूवर किंवा सेवेवर ठोक नफा (विक्रीतून थेट खर्च वजा जाता उरणारा) सुटतो का, आणि धंदा मोठा होताना तो सुधारतो का. तोट्यात विकून पसारा वाढवणाऱ्या कंपनीचा तोटाही वाढतच जातो.

तिसरं बहुतेक जण चुकवतात. कर्मचाऱ्यांना पगाराऐवजी दिलेले शेअर. टेक कंपन्या निकालाच्या पत्रकात ‘समायोजित नफा’ दाखवतात आणि त्यात हा खर्च धरलेला नसतो. रोख जात नाही हे खरं, पण किंमत तुम्हीच मोजता, शेअरांची संख्या वाढल्यामुळे. पाच वर्षांपूर्वीची एकूण शेअरसंख्या आणि आजची ताडून पाहा. दरवर्षी ४-५ टक्के वाढत असेल तर तेवढी विक्रीची वाढ तुमच्या पदरात पडतच नाही.

शेअरचं विभाजन होणार आहे. आधी घ्यावा का?

विभाजनाने काही बदलत नाही. एकाचे दहा तुकडे, भाव दहावा हिस्सा.

स्टॉप लॉस लावून निश्चिंत राहता येईल?

स्टॉप लॉस म्हणजे भाव ठरावीक आकड्याखाली गेला की आपोआप विकण्याची ब्रोकरला दिलेली सूचना. दीर्घकाळासाठी ते सोयीचं नाही. टेक कंपन्यांचे निकाल बहुधा बाजार बंद झाल्यावर येतात आणि दुसऱ्या दिवशी भाव थेट खालीच उघडतो. १०० च्या शेअरला ९० चा स्टॉप लॉस लावला असेल आणि बाजार ७४ ला उघडला, तर विक्री ७४ च्या आसपासच होते. शिवाय या शेअरांना १०-१५ टक्के हलणं नेहमीचंच. चांगला शेअर किरकोळ घसरणीत हातून जातो आणि खरी पडझड आली की स्टॉप लॉस वाचवत नाही. त्याचं काम सुरुवातीची रक्कम लहान ठेवण्यानेच जास्त नीट होतं.

थोडं कर्ज काढून, किंवा तिप्पट परताव्याचे फंड घेऊन?

नको. तुमचा धीर कितीही मोठा असो, मार्जिनवर, म्हणजे ब्रोकरच्या उधारीवर, घेतलेला शेअर ब्रोकर तुमच्या धीराची वाट न बघता विकतो. आणि तिप्पट फंड निर्देशांकाच्या रोजच्या हालचालीच्या तिप्पट हलतात, वर्षाच्या नव्हे. निर्देशांक एका दिवशी १० टक्के पडला आणि दुसऱ्या दिवशी ११.१ टक्के वाढला, तर तो जागेवर येतो. तिप्पट फंड आधी ३० टक्के पडतो, मग ३३.३ टक्के वाढतो आणि १०० चा ९३ वर थांबतो. हलत्या बाजारात ही झीज चालूच राहते. २०२२ मध्ये नॅसडॅक १०० साधारण ३३ टक्के पडला, त्यावरचा तिप्पट फंड ७९ टक्के.

मी याच क्षेत्रात नोकरी करतो. कंपनीचे शेअरही मिळतात.

मग तुमचा पगार, पुढची पगारवाढ, नोकरीची शाश्वती आणि बचत, सगळं एकाच धंद्यावर टेकलेलं आहे. २००१ च्या अखेरीस एनरॉन ही अमेरिकी ऊर्जा कंपनी कोसळली तेव्हा तिच्या असंख्य कर्मचाऱ्यांची नोकरी आणि निवृत्तीची पुंजी एकदमच गेली, कारण त्या पुंजीचा मोठा भाग एनरॉनच्याच शेअरांत होता. मिळालेले शेअर हातात पडतील तसे बरेचसे विकून पैसा दुसरीकडे वळवणं हे कंपनीशी बेइमानी नाही. आणि ‘मी आतून बघतो, मला कळतं’ या भरवशावर फार जाऊ नका. आतून आपला विभाग दिसतो, स्पर्धक दिसत नाही.

एवढी उठाठेव करण्यापेक्षा इंडेक्स फंडच बरा नाही का?

बहुतेकांसाठी, हो. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचे हेंड्रिक बेसेंबाइंडर यांनी अमेरिकेतल्या १९२६ ते २०१६ या काळातल्या हजारो शेअरांचा हिशेब मांडला. सरकारी अल्पमुदतीच्या रोख्यांपेक्षा बाजाराने जी जास्तीची संपत्ती निर्माण केली, ती सगळी अवघ्या ४ टक्के कंपन्यांच्या खाती जमा झाली. निम्म्याहून जास्त शेअर त्यांच्या आयुष्यभरात त्या रोख्यांनाही मागे टाकू शकले नाहीत. पुढचे ४ टक्के आधी ओळखता येत नसतील तर सगळेच घेऊन टाकणं हा शहाणा व्यवहार आहे, आणि इंडेक्स फंड तेच करतो. बुडते शेअर तो आपोआप बाहेर काढतो, तुमच्यावर विकण्याचा निर्णय घ्यायची वेळ येत नाही.

फक्त एक ध्यानात ठेवा. अलीकडे एस अँड पी ५०० सारख्या, अमेरिकेतल्या ५०० मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकातही पहिल्या दहा कंपन्यांचा वाटा एकतृतीयांशाच्या पुढे गेला आहे आणि त्यातल्या बहुतेक तंत्रज्ञानाच्याच आहेत. हा फंड, त्यावर टेकचा वेगळा फंड, आणि वर त्याच कंपन्यांचे सुटे शेअर, असं असेल तर तुमच्याकडे एकच गोष्ट तीनदा आहे.

भाव किती वेळा बघावा?

तिमाहीतून एकदा भरपूर झालं. फोनवरचं ॲप काढून टाकलं तरी शेअर कुठे जात नाहीत.

मग विकायचं तरी कधी?

घेताना लिहिलेलं ‘मी चुकलो’ हे वाक्य खरं ठरलं तेव्हा. हिशेबात गडबड निघाली, लेखापरीक्षकाने अचानक राजीनामा दिला, तर त्याच आठवड्यात. अशा वेळी अर्धंमुर्धं थांबण्यात अर्थ नाही. शेअरचा वाटा मर्यादेबाहेर गेला तेव्हा, आणि पैसे ज्यासाठी साठवले होते ते काम पाच-सात वर्षांवर यायला लागलं तेव्हा हळूहळू. नुसता भाव पडला म्हणून नाही, आणि नुसता वाढला म्हणूनही नाही. महाग वाटतो म्हणून विकावं का, याचं मला पूर्ण पटलेलं उत्तर सापडलेलं नाही. सिस्को बघितली की विकावं वाटतं, ॲमेझॉन बघितली की नको. म्हणून मी सगळा विकण्यापेक्षा थोडा कमी करण्याकडे झुकतो.

परदेशी कंपन्यांचे शेअर वीस-वीस वर्षं ठेवायचे असतील तर वेगळं काही बघावं लागतं का?

चलनाचा दर तुमच्या परताव्यात मिसळतो, कधी बाजूने, कधी विरुद्ध. लाभांशावर बहुधा तिकडेच कर कापला जातो आणि तो आपल्या देशात वजा मिळतो का, हे आधी विचारून घ्यावं. वारसाचं काम मात्र लगेच करा. अमेरिकी कंपन्यांचे शेअर तिथले नागरिक वा रहिवासी नसलेल्या व्यक्तीच्या नावावर असतील, तर तिच्या मृत्यूनंतर ६० हजार डॉलरच्या वरच्या अशा मालमत्तेवर तिथला वारसा कर लागू शकतो. काही देशांशी करार असल्याने नियम बदलतो. रक्कम त्या आकड्याच्या जवळ जात असेल तर सल्लागाराला भेटा, आणि खातं कोणत्या ब्रोकरकडे आहे, त्यावर कुणाचं नाव लावलं आहे, खरेदीच्या नोंदी कुठे ठेवल्या आहेत, हे घरातल्या एका माणसाला तरी माहीत असू द्या.